शिवराजच्या नावावर

डाव्या रकान्यात जुनं नाव होतं: शिवराज. उजव्या रकान्यात त्याच्यासमोर नवं नाव लिहायचं होतं. वैजयंतीनं स्वतःचं नाव टाइप केलं, ओढणीला हात पुसले आणि नाव खोडून टाकलं. मग परत टाइप केलं. शेडमधले चोवीस माग आदळत होते, खिडकीची काच थरथरत होती, शेजारी बोललेलं ऐकू येत नव्हतं. आणि हिला मात्र वाटत होतं, आपण दाबतोय ती बटणं सगळ्या अक्कलकोट रोड एमआयडीसीला ऐकू जाताहेत.

खरं तर त्यात चोरीचं काही नव्हतं. टॉवेलच्या या कारखान्यात प्रत्येक ऑर्डरचं एक कार्ड असे. सूत आलं, रंगाई झाली, मागावर चढलं, शिलाई, पॅकिंग, असं ते कार्ड कॉम्प्युटरवर एका रकान्यातून दुसऱ्यात सरकत जाई, आणि झालेल्या कामासमोर टिक केली जाई. कारखान्यात त्या सगळ्याला ‘फळा’ म्हणत. सहा वर्षं फळा बिनबोभाट चालला, आणि आता तो चालवणारी कंपनी दुकान गुंडाळत होती. तीस तारखेनंतर काही उघडणार नाही, आतलं सगळं पुसलं जाईल, तोवर ज्यानं त्यानं आपलं बिऱ्हाड हलवावं, असं कळवून कंपनी मोकळी झाली होती. कळवलं होतं चार महिन्यांपूर्वी. पण पत्रं जात होती शिवराजच्या ईमेलवर, आणि शिवराज ती उघडत नव्हता.

शिवराज म्हणजे मालक राजशेखर यांचा भाचा. सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आला, मामाला फळा सुरू करून दिला, पासवर्ड एका पुठ्ठ्यावर लिहून स्विचबोर्डच्या वर ठोकला आणि पुण्याला निघून गेला. प्रत्येकानं आपापलं खातं उघडावं, असं तो जाताना चारदा बजावून गेला होता. कोण उघडतंय? ईमेल करा, नंबर द्या, मग त्यावर आलेला आकडा टाका. त्यापेक्षा पुठ्ठ्यावर बघून आत शिरणं सोपं. सूत उतरवणारा शिवराज, रंगवणारा शिवराज, पॅकिंगची मालती शिवराज. ‘कुणी लिहिलंय हे?’ असं मालकांनी विचारलं की सगळे एका सुरात सांगत, ‘शिवराजनं.’ आणि हसत. गेल्या तीन वर्षांत त्यानं कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं, पण त्याच्याइतकं काम साऱ्या सोलापुरात कुणी केलं नसेल.

त्यातलं निम्म्याहून जास्त वैजयंतीचं होतं. कार्ड बनवायची ती एकटीच. वैरागहून लग्न होऊन आली, पॅकिंगला टॉवेल घड्या घालायला बसली, बी.कॉम. आहे म्हटल्यावर ऑफिसात आली, आणि मग फळा कधी तिच्या गळ्यात पडला ते तिलाही कळलं नाही. परवा राजशेखरांनी तिला बोलावून सांगितलं होतं की नव्या सॉफ्टवेअरवर प्रत्येकाचं नाव वेगळं राहील आणि एक प्लॅनिंग इन्चार्ज नेमायचा आहे. त्यांच्या वडिलांच्या, अण्णारावांच्या मनात पुण्याहून शिकलेला एक मुलगा होता. ‘वैजयंतीताई काय करतात ते मला ठाऊक आहे, पण बाबांना कागद दाखवावा लागतो,’ असं म्हणून त्यांनी काम तिच्याच हाती दिलं होतं. जुन्या प्रत्येक नावासमोर नवं नाव लिहायचं, आधी एक चाचणी करून बघायची, आणि पक्कं पाठवलं की दोन्ही मालकांना यादी आपोआप जाणार.

एका नावासमोर एकच नाव चालत होतं. शिवराजचे तुकडे करता येत नव्हते. राजशेखरच म्हणाले होते, ‘तुमचंच लिहा, बाकीच्यांचं थोडंफार आलं तर येऊ दे.’ तिनं चाचणीचं बटण दाबलं.

दहा मिनिटांत यादी आली. अकरा हजार चारशे बासष्ट नोंदी, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वैजयंती. वैजयंतीनं कार्ड केलं. वैजयंतीनं तारीख बदलली. वैजयंतीनं, वैजयंतीनं. तिला इतका आनंद झाला की उठून पंखा मोठा केला आणि परत येऊन बसली. वैरागला आईला फोन करावा, असंही एकदा वाटून गेलं. मग चहा मागवून ती आपल्याच नावाच्या ओळी वाचत बसली. असं सुख माणसाला रोज कुठं मिळतं?

दोन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारच्या ओळींवर तिचा चहा तसाच राहिला.

सकाळी नऊ बारा: वैजयंतीनं कार्ड कॉपी केलं, पाच टिकांसह. नऊ तेरा: वैजयंतीनं टिक काढली. टिक काढली. टिक काढली. टिक काढली. नऊ चौदा: वैजयंतीनं नग बदलले, तारीख बदलली.

तिनं मोजलं. पाच आल्या होत्या आणि चार काढल्या होत्या. पाचवी कोणती ते खाली लिहिलेलं होतंच: रंगाच्या शेडचा नमुना गिऱ्हाइकानं मंजूर केला.

कोरं कार्ड भरायचं म्हणजे वीस रकाने. त्यापेक्षा त्याच गिऱ्हाइकाचं मागचं कार्ड कॉपी करायचं आणि नग, रंग, तारीख तेवढी बदलायची, ही युक्ती तिचीच. राजशेखरांनी त्याबद्दल तिचं कौतुक केलं होतं. फक्त कॉपीबरोबर जुन्या टिका येतात, त्या आधी काढायला लागतात. त्या दिवशी एक राहिली. हे इतके दिवस दिसलं नाही, कारण फळ्यावर फक्त शेवटची स्थिती दिसे. मागचा सगळा इतिहास सामान बांधताना बाहेर आला होता. आणि समजा दिसलं असतं, तरी काय? ‘शिवराजनं टिक केली’ एवढंच दिसलं असतं.

ती ऑर्डर तिला चांगली आठवत होती. कुणाला आठवत नव्हती? हैदराबादच्या एका हॉटेलचे टॉवेल. रंगाईला प्रभुलिंग मास्तर. एकवीस वर्षं याच कारखान्यात हौदाशी उभा राहिलेला माणूस. वाफेतून सुताची लडी नुसती वर उचलली की रंग झाला की नाही सांगायचा. त्यानं फळ्यावर मंजुरीची टिक बघितली आणि मागच्या वर्षीच्याच पिस्ता रंगावर सगळं सूत रंगवून टाकलं. गिऱ्हाइकाला या वेळी फिका पाहिजे होता. नमुना अजून गेलेलाच नव्हता, मग मंजूर कुठून होणार? माल परत आला, हॉटेल कायमचं गेलं. राजशेखरांनी अंगणात सगळ्यांसमोर विचारलं, टिक कुणी केली?

“मी टिक बघितलो मालक, केलो न्हाई,” असं मास्तर म्हणाले होते.

तेव्हा राजशेखर वैजयंतीकडं वळले. ती हातात फाइल घेऊन उभी होती. ती म्हणाली होती, शेडची टिक मास्तरच करतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. खोटं त्यात काहीच नव्हतं. टिक तेच करायचे. मास्तरांनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि कमरेचं रबरी फडकं सोडायला लागले; ते परत कामावर आले नाहीत. त्या दिवाळीला तिनं त्यांच्या घरी फराळाचा डबा पाठवला होता. आपण किती चांगल्या आहोत, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

मास्तरांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. ते दुपारी तीनला यायचे. तिनं हजेरीची जुनी वही काढून बघितली, आणि परत बघितली. सकाळी नऊ बाराला कारखान्यात कॉम्प्युटरवर बसणारं माणूस एकच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि चोराला दोन वर्षं स्वतःचाच पत्ता नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं आमटीत मीठ दोनदा घातलं. मुलगी, आरोही, म्हणाली, आई, तव्याकडं बघ. भाकरी करपून धूर निघत होता. नवऱ्यानं विचारलं तर तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. जिवाला चैन नव्हती. धुतलेली भांडी तिनं परत धुतली, आरोहीच्या वह्यांना कव्हरं घातली, आणि मनात एकच: पाच आल्या, चार काढल्या.

सकाळी ती राजशेखरांच्या केबिनमध्ये गेली. उभ्यानंच सांगून टाकलं. त्यांनी तिच्या हातातला कागद घेतला, वाचला, उठून दार लावलं.

“हे एक कार्ड डिलीट करा आणि मग पक्कं पाठवा,” ते म्हणाले. “जुनं सगळंच कशाला न्यायचं तिकडं?”

“आणि मास्तर?”

“मास्तर आता दुसरीकडं लागलेत की. दोन वर्षं झाली, ताई.” मग ते जरा खालच्या आवाजात बोलले. “बाबा एकेक ओळ वाचतात. त्यांनी हे वाचलं तर इन्चार्ज सोडा, परत पॅकिंगला बसवतील तुम्हाला. मी तुमच्या बाजूनं भांडलोय. मला तोंडघशी पाडू नका.”

माणूस वाईट नव्हता. तिच्या भल्याचंच सांगत होता, आणि तेच तिला सोसत नव्हतं. रागावला असता तर बरं झालं असतं.

दिवसभर ती त्या कार्डाभोवती घुटमळत राहिली. कार्ड उघडायचं, कोपऱ्यातलं डिलीट दाबायचं; मग कॉम्प्युटर विचारायचा की नक्की का, हे परत आणता येणार नाही. ती ‘नाही’ दाबायची आणि खाली जाऊन माठातलं पाणी पिऊन यायची. तीनदा झालं तसं. चौथ्यांदा मालतीनं विचारलं, ‘वैजूताई, पोटबीट बिघडलंय का?’ तिनं हो म्हटलं. इन्चार्जची खुर्ची तिला पाहिजे होती. खोटं कशाला बोला, फार पाहिजे होती. सहा वर्षं दुसऱ्याच्या नावावर राबल्यावर कुणाला नको असते? कुणाला कळणार नव्हतं. मास्तरांना तर नाहीच. पाच दिवसांनी मूळ फळाच राहणार नव्हता.

पण डिलीट केलं तर ते कार्ड तिला एकटीलाच दिसत राहणार, हेही तिला कळत होतं. नव्या फळ्यावर रोज, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कार्डाच्या मधल्या रिकाम्या जागेत.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तिनं पक्कं पाठवायचं बटण दाबलं, त्या कार्डासकट. धैर्य वगैरे काही नव्हतं. किती गेलं ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी भरायला वीस मिनिटं लागणार होती. ती भरत असतानाच तिनं कागद छापून घेतला, अर्ध्या दिवसाची सुट्टी लिहून मालतीच्या हाती दिली आणि स्कूटी काढली. यादी मालकांपर्यंत पोचायच्या आत तिला कुंभारीच्या बाजूला मास्तरांकडं पोचायचं होतं.

रंगाईचा कारखाना म्हणजे पत्र्याचं एक छप्पर आणि तीन हौद. प्रभुलिंग मास्तर मधल्या हौदाशी काठी घेऊन उभे होते. वाळले होते. हात कोपरापर्यंत निळे. तिला बघून त्यांनी काठी टेकवली.

“या अक्का. हिकडं कुटं?”

ती बोलणार, एवढ्यात त्यांनी काठीनं एक लडी वर काढली, पिळली आणि पलीकडच्या माणसाला हाक मारली. “येडू, बघ जरा, झालं का?” तो येडू तंबाखू मळत होता. त्यानं लांबूनच मान हलवली. झालं. मास्तरांनी लगेच हौदाखालची आच कमी केली. वैजयंती बघतच राहिली. एकवीस वर्षांत या माणसानं रंगाबाबत कुणाला विचारलेलं तिनं बघितलं नव्हतं.

बाहेर लिंबाखाली खाट होती, तिथं ते बसले. तिनं सगळं सांगितलं, कॉपीची युक्ती, पाच टिका, नऊ बारा. सांगताना ती कागदाकडंच बघत होती. ते कार्ड आपल्या नावानं नव्या फळ्यावर गेलंय, थोरल्या मालकांनाही दिसेल, हेही सांगितलं. मास्तर हाताच्या नखातला रंग काढत ऐकत होते. तिला वाटलं, आता ते शिव्या घालतील. घालाव्यात, असंही वाटलं.

“किती वाजता म्हणला?”

“नऊ बारा. सोमवारी सकाळी.”

“त्या हप्त्यात माझी दुसरी पाळी हुती.”

“हो. हजेरीत बघितलं मी.”

“दुसरी पाळी,” ते परत म्हणाले, जणू तिला नव्हे, दुसऱ्याच कुणाला सांगत होते.

“आधी मी न्हाईच म्हणलो,” ते म्हणाले. “मग सगळेच म्हणाय लागले. घरची बी म्हणली, तुमी झोपंत दाबला असाल. रोज म्हणाय लागली. मग मला बी वाटाय लागलं, दाबलो असंन. आता तर आठवतंय बगा अक्का. मी कॉम्प्युटरपाशी हाय, माझं बोट त्या टिकेवर हाय. सपष्ट आठवतंय.”

तुम्ही त्या वेळी तिथं नव्हताच मास्तर, असं ती म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

“दोन वरीस लागले व्हय, बगायला?”

तिनं छापलेला कागद पुढं केला. त्यांनी तो उलटासुलटा करून परत दिला. इंग्रजी कोण वाचणार? कॉम्प्युटरमधलं तुमचं तुम्ही बघा, त्यांना त्याचं काही नव्हतं. “मराटीत लिवून द्या,” ते म्हणाले. “घरी वाचून दाखवाय येईल असं. आन् खाली तुमचं नाव लिवा, पुरं.”

तिनं कागद उलटा करून मांडीवर घेतला. प्रभुलिंग मास्तरांनी टिक केली नव्हती, ती माझ्याकडून राहिली, मास्तर तेव्हा कारखान्यात नव्हते. चार ओळींचं काम, पण तिला दोनदा खोडावं लागलं. सही करत असताना पर्समधला फोन वाजायला लागला. राजशेखर असणार. तिनं काढून बघितलं नाही. पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख घातली. मास्तर ओठ हलवत एकेक शब्द वाचत गेले, शेवटी तिच्या नावाशी थांबले. मग घडी घालून कागद बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. आभार मानले नाहीत, आणि ते बरंच झालं.

आतून येडूनं हाक दिली. कडेचा हौद तयार होता. मास्तर उठले, ती निघण्यासाठी म्हणून त्यांच्या मागोमाग आत गेली. त्यांनी लडी वर काढली. हिरवा रंग, त्यातून वाफ निघत होती. येडू दुसऱ्या टोकाला होता, म्हणून त्यांनी सवयीनं काठी तिच्यापुढंच धरली.

“बगा, झालं का?”

वैजयंतीनं हात मागं घेतले.

“मला काय कळतंय, मास्तर? तुम्ही सांगा.”

ते तिच्याकडं बघत राहिले. पर्समधला फोन परत वाजायला लागला होता. मास्तरांनी लडी पिळली, छपराबाहेर उन्हात नेली, दोन बोटांनी एक धागा वेगळा करून डोळ्याशी धरला. येडू तंबाखूचा हात झटकत जवळ आला, नजर टाकली आणि झालं की, म्हणून आच बंद करायला वाकला.

“ऱ्हाऊ दे ती,” मास्तर म्हणाले. “न्हाई झालं अजून.”

“झालंय की ओ मास्तर.”

“न्हाई म्हणलो न्हवं. पाच मिन्टं आणि लागतील.”

येडूनं एकदा मास्तरांकडं, एकदा त्या ऑफिसातल्या बाईकडं बघितलं, आणि लडी घेऊन परत हौदात सोडली.